यूसीत शिरायच्या दोन वाटा: फ्रेशमन आणि ट्रान्सफर

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे सगळे जिला यूसी म्हणतात ती, प्रवेशासाठी जो जीपीए (ग्रेडची सरासरी) मोजते त्यात बारावीचे गुण येत नाहीत. बारावी आणि सीईटीतून गेलेल्या आईवडिलांना हे पहिल्यांदा ऐकताना खरंच वाटत नाही. मोजतात ते नववी संपल्यानंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावी संपल्यानंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे गुण. एसएटी आणि एसीटी या परीक्षा तर यूसीने पूर्ण बाजूला ठेवल्या आहेत. गुण कितीही चांगले असले तरी प्रवेशासाठी ते कोणी बघत नाही, शिष्यवृत्तीसाठीही नाही. मग उरतं काय? कोणते विषय घेतले, केव्हा घेतले आणि त्यात काय मिळवलं. म्हणून यूसीचा अर्ज बारावीच्या नोव्हेंबरात गेला तरी त्याची खरी सुरुवात नववीत विषय निवडताना झालेली असते.

यूसी म्हणजे एक कॉलेज नव्हे. तिचे दहा कॅम्पस आहेत, आणि पदवीपूर्व शिक्षण त्यांतल्या नऊ ठिकाणी मिळतं: बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, आयर्वाइन, डेव्हिस, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड. अर्ज एकच, पण तो वाचून निर्णय घेणारे प्रत्येक कॅम्पसचे लोक वेगळे. त्यामुळे किमान पात्रता सगळीकडे सारखी असली तरी एका कॅम्पसने घेतलं आणि दुसऱ्याने नाकारलं, हे नेहमीचंच.

आपण कोण, हे आधी ठरवायचं

हायस्कूलमध्ये (इथे नववी ते बारावी) शिकत असलेला, किंवा हायस्कूल संपवून अजून कुठल्याही कॉलेजच्या नियमित सत्रात नाव न घातलेला विद्यार्थी फ्रेशमन. हायस्कूल संपल्यावर कॉलेजच्या नियमित सत्रात नाव घातलं की तो ट्रान्सफर. इथे युनिट (कोर्सचा भार मोजायचं माप) किती झाली याला काही महत्त्व नाही. हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजची (स्थानिक, दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) ३० युनिट केलेली मुलगी फ्रेशमनच राहते. हायस्कूल संपल्यानंतर लगेच येणाऱ्या उन्हाळ्यात एखादा कोर्स केला तरीही ती फ्रेशमनच. पण "एक वर्ष थांबू, पुढच्या वर्षी पुन्हा फ्रेशमन म्हणून अर्ज करू" असं ठरवून त्याच मुलीने सप्टेंबरात जवळच्या कॉलेजात सहज म्हणून एक कोर्स घेतला, की फ्रेशमनची वाट बंद होते. तो कोर्स लपवून अर्ज करायचं तर मनातही आणू नये. कॉलेजचं प्रत्येक ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) दाखवणं बंधनकारक आहे, आणि लपवलेलं उघड झालं तर दिलेला प्रवेशही रद्द होतो.

फ्रेशमनसाठी: सात अक्षरं, पंधरा वर्षं

यूसीची विषयांची अट 'ए-टू-जी' या नावाने ओळखली जाते. ए म्हणजे इतिहास आणि समाजशास्त्र, दोन वर्षं. बी म्हणजे इंग्रजी, चार वर्षं. सी गणित, तीन वर्षं, आणि त्यात भूमिती आलीच पाहिजे. डी विज्ञान, दोन वर्षं. ई इंग्रजीखेरीज दुसरी भाषा, एकाच भाषेची दोन वर्षं. एफ चित्र, संगीत, नाट्य किंवा नृत्य, एक वर्ष. जी म्हणजे याच दर्जाचा आणखी एक विषय, एक वर्ष. एकूण पंधरा वर्षांचे कोर्स, त्यांतले अकरा अकरावी संपेपर्यंत पुरे व्हायला हवेत. प्रत्येकात किमान सी ग्रेड लागते (ग्रेडची अक्षरं वेगळी: ए सगळ्यात वरची, एफ म्हणजे नापास). डी आली तर हायस्कूल तुम्हाला उत्तीर्ण करेल, डिप्लोमाही देईल, पण यूसीच्या लेखी तो विषय झालेलाच नसतो. हायस्कूलचा डिप्लोमा आणि यूसीची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेक घरांत अकरावीच्या मध्यावर कळतं.

ही किमान अट झाली. गणित चार वर्षं, विज्ञान तीन वर्षं आणि भाषा तीन वर्षं असावी अशी यूसीची शिफारस आहे. इंजिनीअरिंग किंवा विज्ञानाकडे जाणाऱ्याने शिफारस हीच अट मानावी.

चूक सगळ्यात जास्त वेळा कुठे होते? एफ आणि ई या अक्षरांत. गणित-विज्ञानाच्या नादात चित्रकलेचं एक वर्ष राहून जातं. ते पूर्ण एक वर्ष असावं लागतं. एका सेमिस्टरला मातीकाम आणि दुसऱ्याला गिटार असं जोडकाम करायचं असेल तर दोन्ही कोर्स एकाच कलाप्रकारातले आहेत का आणि ते चालतील का, हे काउन्सेलरला आधीच विचारावं. शाळेत शिकवला जाणारा प्रत्येक कोर्स यूसीने मान्य केलेला नसतो. प्रत्येक शाळेच्या मान्य कोर्सची यादी यूसीच्या ए-टू-जी कोर्स लिस्ट या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकून बघता येते. उन्हाळ्यात पैसे भरून ऑनलाइन कोर्स घेण्यापूर्वी त्या संस्थेचं नाव तिथे आहे का, ते आधी बघा. नसेल तर ए ग्रेड मिळूनही तो कोर्स इथे शून्य.

भाषेबाबत मराठी घरांना उपयोगी पडणारा एक नियम आहे. सहावी किंवा त्यापुढची किमान दोन वर्षं इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत झाली असतील तर ई ही अट पुरी झाली असं धरतात. नाशिकच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून सातवी पास होऊन इथे आलेल्या मुलाला पुन्हा स्पॅनिशच घ्यायला हवं असं नाही. त्यासाठी तिथल्या शाळेच्या गुणपत्रिका मात्र लागतात, तेव्हा येताना त्या बरोबर आणा. याउलट महाराष्ट्र मंडळाच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळेतली वर्षं आपोआप मोजली जात नाहीत. हायस्कूलने त्या अभ्यासाची अधिकृत नोंद करून दिली तरच बोलणं पुढे सरकतं. ते शक्य आहे का हे नववीतच विचारावं, बारावीत वेळ उरत नाही.

भाषा आणि गणितात आणखी एक सवलत आहे. सातवी-आठवीत झालेले बीजगणिताचे किंवा स्पॅनिशचे कोर्स विषयाच्या अटीत धरतात, फक्त त्यांचे गुण जीपीएत येत नाहीत. आणि स्पॅनिशच्या पहिल्या वर्षी डी आली पण दुसऱ्या वर्षी सी मिळाली, तर वरच्या पायरीवरून खालची भरून निघते. इतिहासात किंवा इंग्रजीत अशी भरपाई होत नाही, तिथे कोर्स पुन्हा करावा लागतो. पुन्हा करता येतो तो डी किंवा एफ मिळालेलाच. सी मिळालेला कोर्स बी करण्यासाठी पुन्हा घेतला तर यूसी नवी ग्रेड मोजत नाही.

जीपीएचं गणित

ए म्हणजे ४, बी ३, सी २. ग्रेडपुढचे अधिक-उणे यूसी पुसून टाकते, म्हणजे ए-उणे असली तरी ४. फक्त ए-टू-जी कोर्स धरायचे, व्यायामाचा तास किंवा वर्गसाहाय्यक म्हणून केलेला तास नाही. एपी आणि आयबी (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स), यूसीने मान्य केलेले ऑनर्स (नेहमीपेक्षा वरच्या पातळीचे कोर्स) आणि यूसीत चालणारे कॉलेज कोर्स यांत सी किंवा वर ग्रेड असेल तर सेमिस्टरमागे एक गुण जास्त. पण असे जास्तीचे गुण आठच सेमिस्टरांचे, आणि त्यांतले दहावीतले चारच.

एक उदाहरण मांडू. दहावी आणि अकरावीत दर सेमिस्टरला सहा विषय, म्हणजे २४ ग्रेड. त्यांत १६ ए आणि ८ बी. बेरीज ६४ अधिक २४, म्हणजे ८८. भागिले २४, उत्तर ३.६७. आता यांतले बारा सेमिस्टर एपीचे होते असं समजा. मोजायचे आठच. ८८ अधिक ८, म्हणजे ९६. भागिले २४, उत्तर ४.०. बारा एपी सेमिस्टर केलेल्याला आणि आठ केलेल्याला हा आकडा सारखाच येतो. अर्ज वाचणारे जास्तीची मेहनत बघतात हे खरं, पण फक्त आकड्यासाठी दहावीत मुलाला पाच एपी घ्यायला लावणं हिशेबातही बसत नाही. हा जास्तीचा गुण वर्गातल्या ग्रेडवर मिळतो. मे महिन्यातल्या एपी परीक्षेचा त्याच्याशी संबंध नाही. त्या परीक्षेत ३ किंवा अधिक आले तर यूसीत गेल्यावर क्रेडिट मिळतं, हा वेगळा फायदा.

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला किमान ३.० जीपीए लागतो, बाहेरच्याला ३.४. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधून अर्ज करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्यांच्या शाळेचे साधे ऑनर्स कोर्स जास्तीच्या गुणासाठी धरत नाहीत. एपी, आयबी आणि कॉलेज कोर्सच धरतात. ३.० हा अर्थात उंबरठा आहे. बर्कली किंवा लॉस एंजेलिसला तेवढ्यावर कोणी जात नाही. रहिवासी विद्यार्थी राज्यातल्या किंवा स्वतःच्या शाळेतल्या वरच्या ९ टक्क्यांत असेल आणि त्याने अर्ज केलेल्या एकाही कॅम्पसने त्याला घेतलं नाही, तर जागा असलेल्या दुसऱ्या कॅम्पसमध्ये प्रवेश देऊ करतात. तो कॅम्पस आपल्या आवडीचा असेलच असं नाही.

अर्ज

अर्ज १ ऑगस्टला भरायला उघडतो आणि १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर या काळात पाठवता येतो. शेवटची तारीख शनिवार-रविवारी आली तर सोमवारपर्यंत मुदत मिळते. शुल्क प्रत्येक कॅम्पसमागे ८० डॉलर, परदेशी अर्जदारांना ९५. शिफारसपत्रं पाठवायची नाहीत, ट्रान्सक्रिप्टही नाही. ग्रेड विद्यार्थ्याने स्वतः भरायच्या असतात. म्हणूनच ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून एकेक ओळ जशीच्या तशी उतरवावी. आठवणीतून भरलेली बी प्रत्यक्षात सी निघाली तर जुलैत, प्रवेश मिळाल्यानंतर, ते उघडं पडतं.

आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरं लिहायची, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांत. ही उत्तरं म्हणजे निबंधस्पर्धा नव्हे. प्रश्न विचारतो तेवढंच, स्वतः काय केलं ते नेमकं लिहायचं. "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती" या वाक्यात शब्द जातात, माहिती काहीच मिळत नाही. दररोज दोन तास आजीची शुश्रूषा करावी लागते म्हणून रोबोटिक्स क्लब सोडला असेल तर ते लिहावं. यूसी विद्यार्थ्याकडे त्याच्या परिस्थितीसकट बघते, आणि घरच्या जबाबदाऱ्या तिथे खरोखर वजनदार ठरतात. आपली मुलं हे लिहायला संकोचतात, आईवडीलही नको म्हणतात. तसं करू नये.

विषय निवडताना "आत गेलं की बदलू" हा हिशेब कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनीअरिंगमध्ये बहुतेक वेळा फसतो. अनेक कॅम्पसवर हे विषय भरलेले असतात आणि आतून बदलून मिळणं फार कठीण जातं.

ट्रान्सफर: थेट तिसऱ्या वर्षात

महाराष्ट्रात डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जातात, तशी ही वाट थेट तिसऱ्या वर्षात नेते. आपल्या लोकांत कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आवाज खाली येतो. तो येण्याचं काही कारण नाही. दर दोन फ्रेशमनमागे एक ट्रान्सफर घ्यायचं यूसीचं धोरण आहे, त्यात कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांना पहिलं प्राधान्य आहे, आणि पदवीवर तुम्ही कुठून आलात याचा उल्लेख नसतो. हायस्कूलचे गुण ट्रान्सफरच्या निवडीत बघत नाहीत, त्यामुळे दहावीत घसरलेल्या मुलाला इथे नवी पाटी मिळते. रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजचं शुल्क युनिटमागे ४६ डॉलर. ६० युनिटांचे होतात २,७६० डॉलर. यूसीत एका वर्षाचं शुल्कच साधारण १५ हजार डॉलर असतं, राहणं-खाणं वेगळं.

किमान अटी अशा. यूसीत चालणारी ६० सेमिस्टर युनिट किंवा ९० क्वार्टर युनिट (सेमिस्टर म्हणजे वर्षाची दोन सत्रं, क्वार्टर म्हणजे तीन), प्रवेशाच्या आधीच्या वसंत सत्राच्या शेवटापर्यंत. ही युनिट उन्हाळ्यावर ढकलता येत नाहीत. जीपीए रहिवाशाला २.४, इतरांना २.८. आणि सात कोर्स: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, उरलेले चार कला-मानव्य, समाजशास्त्रं आणि निसर्गविज्ञानं यांपैकी किमान दोन गटांतून. सातही ठिकाणी सी किंवा वर.

पण निवड या अटींवर होत नाही, ती विषयाच्या पूर्वतयारीवर होते. कॉम्प्युटर सायन्सला जायचं तर कॅल्क्युलसची पूर्ण मालिका, त्यापुढे लिनिअर अल्जिब्रा किंवा डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रोग्रॅमिंगचे दोन-तीन कोर्स, बऱ्याच ठिकाणी कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स. हे कोर्स एकापुढे एक लागतात, एकाच वेळी घेता येत नाहीत. पहिल्याच सत्रात कॅल्क्युलस सुरू केलं तर चार सेमिस्टरांत साखळी जेमतेम पुरी होते. प्री-कॅल्क्युलसपासून सुरुवात केली तर एक उन्हाळा किंवा तिसरं वर्ष लागतंच. "दोन वर्षांत ट्रान्सफर" हे वाक्य मोडतं ते बहुतेक वेळा इथे, मुलाच्या आळसामुळे नव्हे. म्हणून पहिल्या दिवशी असिस्ट या संकेतस्थळावर जा, आपलं कॉलेज, हवा असलेला कॅम्पस आणि विषय निवडा. कोणता कोर्स कोणत्या कोर्सच्या जागी चालतो याचा अधिकृत तक्ता समोर येतो. तीन-चार कॅम्पसचे तक्ते शेजारी ठेवून वेळापत्रक आखावं.

क्वार्टर आणि सेमिस्टर मिसळणं हा आणखी एक खड्डा. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर चालतात, फ्रीमाँटचं ओलोनी सेमिस्टरवर. युनिटांचं रूपांतर सोपं आहे, एक सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट. पण कॅल्क्युलस डी अँझात चार भागांत शिकवतात आणि सेमिस्टरच्या कॉलेजात सहसा तीन. दोन भाग इथे आणि पुढचा तिथे केला तर मध्ये काही धडे राहून जातात, आणि तक्त्यात मालिका अपुरी दिसते. जी मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवा.

सामान्य शिक्षणाचे कोर्स कॅल-जेट्सी या आराखड्याने पुरे करता येतात. २०२५ च्या फॉलपासून (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणारं सत्र) तो जुन्या आयजेट्सीच्या जागी आला. ३४ सेमिस्टर युनिट, त्यांत वक्तृत्वाचा एक कोर्स नव्याने आहे. इंजिनीअरिंग आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र आधी विषयाची तयारी संपवावी, आराखडा नंतर. दोन्ही जमत नसेल तर आराखडा अर्धा राहू द्यावा, फिजिक्स नव्हे. आणि विषयाचे कोर्स ग्रेडसाठीच घ्यावेत, पास-नापास पर्यायावर नाही.

टॅग नावाची प्रवेशाची हमी कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनाच मिळते. डेव्हिस, आयर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस ती देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. एकाच कॅम्पसची घेता येते, आणि तिचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्ये, म्हणजे मुख्य अर्जाच्या आधी. जीपीएची अट कॅम्पस आणि विषयानुसार बदलते. काही विषय, विशेषतः कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनीअरिंगकडचे, काही कॅम्पस हमीत धरत नाहीत. टॅग भरला म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरचा मुख्य अर्ज चुकवायचा नाही. तो गेला नाही तर हमीही गेली.

ट्रान्सफरलाही चार उत्तरं लिहायची असतात, त्यांतलं एक ठरलेलं: निवडलेल्या विषयाची तयारी कशी केली. जानेवारीत आणखी एक काम असतं. फॉलच्या ग्रेड आणि वसंताचे कोर्स अर्जात अद्ययावत करायचे. हे राहिलं तर वाचणाऱ्यापुढे जुनाच अर्ज राहतो.

भारतातून येणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून थेट फ्रेशमन म्हणून अर्ज करणाऱ्याने नववीपासूनच्या शाळेच्या गुणपत्रिका आणि दहावीचा बोर्डाचा निकाल हाताशी ठेवावा. बारावीचा निकाल प्रवेश पक्का होताना लागतो. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी नसेल तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आयईएलटीएसमध्ये किमान ६.५, काही कॅम्पसना त्याहून जास्त.

पुण्यात दुसऱ्या वर्षाला असलेल्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला तिथूनच यूसीत ट्रान्सफर घ्यायची असेल तर अडतं ते गणितावर नव्हे, इंग्रजी लेखनाच्या दोन कोर्सवर. आपल्या अभ्यासक्रमात ते नसतात, कम्युनिकेशन स्किल्सचा पेपर त्यांच्या जागी सहसा चालत नाही, आणि प्राधान्य कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना असतं. शुल्काचा हिशेबही आधी करावा. रहिवासी नसलेल्याला यूसीत नेहमीच्या शुल्काखेरीज वर्षाला ३० हजारांहून जास्त डॉलर भरावे लागतात. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असताना कॅलिफोर्नियात कितीही वर्षं राहिलं तरी रहिवासी होता येत नाही. एच-४ वर (एच-१बी व्हिसाधारकाच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलाला एक वर्षाहून अधिक वास्तव्य आणि इतर अटी पुऱ्या केल्या तर होता येतं, पण एच-४ एकविसाव्या वाढदिवसाला संपतो. ट्रान्सफरचं वय नेमकं तिथेच येतं, तेव्हा वकिलाशी बोलणं त्याच्या आधी व्हावं.

फ्रेशमनचे निकाल मार्चअखेरपर्यंत येतात, ट्रान्सफरचे एप्रिलअखेरपर्यंत. होकार कळवायची मुदत अनुक्रमे १ मे आणि १ जून. हा प्रवेश तात्पुरता असतो. बारावीचे गुण जीपीएत येत नाहीत म्हटलं होतं, ते इथे मोजले जातात: शेवटच्या सत्रात डी आली, किंवा अर्जात लिहिलेला कोर्स न कळवता सोडला, तर प्रवेश काढून घेतात. असं काही झालंच तर ट्रान्सक्रिप्ट पोहोचण्याची वाट न बघता कॅम्पसला त्याच आठवड्यात कळवा, कारणासकट. अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोहोचायला हवं, एपीचे गुण १५ जुलैपर्यंत. शाळांची कार्यालयं जूनच्या मध्यावर बंद होतात, म्हणून ट्रान्सक्रिप्टची मागणी मे महिन्यातच नोंदवून ठेवावी.